लिहून सांगायची गोष्ट

माझ्या सासूबाई बस स्थानकावर उद्घोषणा करायच्या. पहिल्या मजल्यावर काचेची एक छोटी खोली, टेबलावर माइक, शेजारी गाड्यांचा तक्ता आणि खाली फलाटांवर माना वर करून ऐकणारी माणसं. कुठली गाडी कुठे लागलीय, कुठली रखडलीय आणि कुठली आज येणारच नाही, हे त्यांनी लोकांना आयुष्यभर सांगितलं. गाडी रद्द झाल्याची बातमीसुद्धा त्या अशी द्यायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, चला, निदान कोणीतरी आपल्याला नीट सांगितलं तरी. निवृत्त झाल्यावरही बाजारात त्यांनी टोमॅटोचा भाव विचारला की पलीकडच्या दुकानातलं गिऱ्हाईक मान वळवून बघायचं. त्यांचे भाऊ लहानपणापासून त्यांना 'भोंगा' म्हणत. त्यांना त्याचा राग नव्हता.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, सासऱ्यांना बोलता येतं की नाही! बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं लागे तेवढंच ते बोलत. घरात त्यांच्या वाटचंही आईच बोलायच्या. "ह्यांना थंडी वाजतेय, पंखा बंद कर." "ह्यांना हा पडदा अजिबात आवडलेला नाही." बाबा मान डोलवायचे. दोघांचा संसार त्यावर उत्तम चालला होता.

माझी मुलगी चिऊ दुसरीत गेली तेव्हा आईंच्या आवाजाला नवं काम मिळालं. रोज सकाळी तिची वेणी घालताना त्या गोष्ट सांगायच्या. गोष्ट एकच, पण संपता संपत नसे. बस स्थानकात राहणारी एक बकरी असते. ती लोकांची तिकिटं खाते. आणि ज्या गावचं तिकीट खाल्लं, त्या गावाला तिला जावंच लागतं. मग तिथे गेल्यावर जे काही होतं ते. ड्रायव्हरचा आवाज खर्जातला, कंडक्टरचा नाकातला, बकरीचा मात्र अगदी साधा, शहाण्या बाईसारखा. वेणी होऊन जायची, खाली शाळेची गाडी हॉर्न वाजवायची, आणि चिऊ पायात एकच बूट घालून उभी: "मग? आजी, मग?"

आईंचा घसा बसला तेव्हा आधी आम्ही कोणी मनावर घेतलं नाही. सर्दी असेल, थंड पाणी बाधलं असेल. पण तो सुटेना. तपासण्या झाल्या, आणि शल्यचिकित्सकांनी एका कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. गाठ कुठे आहे, ती का काढायला हवी, आणि तिच्याबरोबर स्वरयंत्र का जाणार. आई चित्राकडे बघत राहिल्या. मग घोगऱ्या आवाजात विचारलं, "म्हणजे भोंगा उतरवणार?"

डॉक्टरांना कळलं नाही. बाबा खिडकीबाहेर बघू लागले.

इस्पितळात निघायच्या सकाळीसुद्धा त्यांनी वेणी घातली. आवाज जेमतेम फुटत होता. त्या दिवशी बकरीने एक असं तिकीट खाल्लं होतं, ज्यावरची शाई पाण्याने पुसली गेली होती. गावाचं नावच नाही. ती गाडीत चढून बसली आणि कंडक्टरने नाकातून विचारलं, "कुठे?"

हॉर्न वाजला.

"उरलेली आल्यावर," आई म्हणाल्या. चिऊ धावत गेली. परत आल्यावर त्या बोलू शकणार नाहीत, हे त्या घरात त्यांच्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं.

गाठ निघाली आणि पुढच्या तपासण्याही चांगल्या आल्या, हे आधीच सांगून टाकते. पण आईंचा श्वास आता मानेला पाडलेल्या एका छिद्रातून चालायचा. त्यावर त्या सुती रुमाल बांधायच्या. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी एक यंत्र दिलं होतं. ते गळ्याला टेकवून ओठ हलवले की गुणगुणाटासारखा आवाज यायचा. काही लोक त्यावर छान बोलतात, असं बाई म्हणाल्या. आईंनी घरी ते लावून चिऊला हाक मारली. चिऊ दाराआड गेली आणि काही केल्या बाहेर येईना. आईंनी यंत्र शांतपणे डबीत घातलं आणि डबी कपाटात ठेवली.

मग आम्ही फोनवर एक ॲप घातलं. टाइप करायचं, बटण दाबायचं, की एक बाई ते वाचून दाखवते. कामाला सोयीचं होतं, पण भांडायला अगदीच निरुपयोगी. आई तावातावाने टाइप करायच्या, आणि ती बाई सावकाश, गोड आवाजात म्हणायची, "तुम्हाला किती वेळा सांगितलं ओला टॉवेल पलंगावर टाकू नका." बाबांना हसू आवरेना. लग्नानंतर पहिल्यांदाच ते भांडणं जिंकू लागले. आणि नाइलाजाने बोलूही लागले. दाराची बेल वाजली, फोन आला, शेजारीण चौकशीला आली, की बाबाच पुढे. पहिल्यांदा अडखळत. नंतर त्यांना त्यात गोडी वाटायला लागली.

राहिली होती ती बकरी. आईंनी पुढचा भाग फोनवर टाइप केला आणि वेणी घालताना बटण दाबलं. त्या बाईने ड्रायव्हर, कंडक्टर आणि बकरी तिघांनाही एकाच आवाजात बोलायला लावलं. प्रश्नचिन्हावरही तिचा सूर वर जात नव्हता. चिऊ अगदी शिस्तीत बसून राहिली. संपल्यावर म्हणाली, "छान आहे, आजी." दोन्ही बूट घातले आणि हॉर्न वाजायच्या आधीच खाली गेली.

आईंनी मला फोन दाखवला. त्यावर लिहिलं होतं, "ती 'मग?' म्हणाली नाही."

माझा नवरा एका कंपनीत प्रकल्पांची वेळापत्रकं आखतो. घरातल्या दुःखावर त्याचा एकच उपाय असतो: साधनं चुकीची आहेत, साधनं बदला. तो म्हणाला, "आई, फोनवर कोणी लिहितं का? तू लिहायला बस नीट. पुस्तक कर त्याचं." त्याने आपला जुना लॅपटॉप पुसून दिला. खिडकीजवळचं टेबल रिकामं केलं. आईंना टायपिंग येत होतंच. स्थानकात अधूनमधून तक्ते त्याच टाइप करायच्या.

पहिल्यांदा त्या आमच्याकडे होतं त्याच साध्या प्रोग्रॅममध्ये लिहू लागल्या, ज्यात मी ऑफिसची पत्रं लिहिते. मी विमा कंपनीत आहे. एका संध्याकाळी त्यांनी लिहिलेलं वाचायला घेतलं आणि मला काहीतरी खटकलं. बकरी गाडीत 'चढली' होती. आईंची बकरी कधी नुसती चढायची नाही, ती 'टुणकन' चढायची. कंडक्टर 'रागावला' होता. एरवी तो 'फणफणायचा'. मी विचारलं, "आई, ही अशी का झाली हो?"

त्यांनी मला बाजूला बसवलं आणि 'टुणकन' टाइप करून दाखवलं. शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटली. मग 'भस्सकन'. रेघ. 'अगोबाई' वर तर प्रोग्रॅमने दुसरेच तीन शब्द सुचवले. आईंनी फोन घेतला आणि लिहिलं, "रोज मास्तरांकडून पट्टी खाल्ल्यासारखं वाटतं. म्हणून न चुकणारे शब्द वापरते."

मी ती रेघच बंद करून टाकली. पण आईंच्या मनातली रेघ काही बंद होईना. लिहिलेल्या शब्दाकडे त्या थोडा वेळ संशयाने बघत राहायच्या.

तेवढ्यात नवऱ्याने खास लेखकांसाठीचं एक सॉफ्टवेअर आणलं. बघायला फार देखणं. पडद्यावर पाटी, पाटीवर टाचलेली रंगीत कार्डं. प्रत्येक पात्राचं एक पान, प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड, आणि खाली काळाची पट्टी. नवरा स्वतःच इतका खूश झाला की दोन संध्याकाळी तोच बसून शिकवत होता. आईसुद्धा रमल्या. तक्ते त्यांना आधीपासून आवडायचे. सकाळी चहा झाला की टेबलाशी बसायच्या, जेवायला हाका माराव्या लागायच्या. मला वाटलं, चला, गाडी मार्गाला लागली.

एकदा त्या अंघोळीला गेल्या असताना मी वाकून बघितलं. बकरीचं पान उघडं होतं. रंग, वय, जन्मठिकाण, सगळं भरलेलं. 'पात्राचं ध्येय काय?' यापुढे लिहिलं होतं, 'खाणे.' 'पात्राला कशाची भीती वाटते?' यापुढे, 'उपवास.' 'पात्रामध्ये शेवटी कोणता बदल होतो?' ही चौकट मात्र रिकामी होती, आणि तिच्यात टाइप करून खोडल्याच्या खुणा नसल्या तरी मला त्या दिसल्या. मूळ गोष्टीचं पान मी उघडलं. कोरं.

आई टॉवेलने केस पुसत मागे उभ्या होत्या. मी दचकले. त्यांनी खुर्चीत बसून लिहिलं, "आवराआवर फार छान होते यात. पाहुणे काही येत नाहीत."

नवऱ्याला मी हळूच हे सांगितलं. तो थोडा हिरमुसला, पण हार मानणारा नव्हे. त्याचं पुढचं औषध म्हणजे आपणहून लिहिणारा प्रोग्रॅम. "तू अर्धं लिही, आई. पुढचं तो सुचवतो. आवडलं तर घे, नाही तर सोड." आईंनी शाई पुसलेलं तिकीट, गाडी, सगळं लिहिलं आणि 'कुठे?' वर थांबून बटण दाबलं. पडद्यावर झरझर ओळी उतरल्या. बकरी म्हणाली, मला घरी जायचं आहे. कंडक्टरचं मन द्रवलं. सगळे प्रवासी तिला घरी सोडायला गेले, आणि तिला कळलं की खरी मैत्री तिकिटावर लिहिलेली नसते.

"बघ!" नवरा म्हणाला. "शुद्धलेखनाचीही चूक नाही."

आई मान तिरकी करून परत परत वाचत होत्या. खरं सांगायचं तर वाईट नव्हतं ते. थकलेल्या माणसाने ते ठेवून घेतलं असतं, आणि आई त्या दिवसांत फार थकलेल्या असत. बाबा मागून वाचत होते. तेच म्हणाले, "चिऊला हे देऊ नकोस. तुझ्या गाडीत कोणी एवढं गोड बोलत नाही."

आईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग लिहिलं, "घाई काय आहे तिला एवढ्यात घरी पोचवायची?" आणि लॅपटॉप मिटला. त्यानंतर बरेच दिवस त्यांनी तो उघडला नाही. आम्हीही आग्रह केला नाही. नवरा एकदा फक्त एवढं म्हणाला, "मला वाटलं होतं, काहीतरी चालेल." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आईसाठी त्याला दुसरं काय करता येणार होतं?

मग चिऊला खोकला झाला. साधाच, शाळेतून आलेला. पण डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की खोकणाऱ्या माणसाला आईंच्या जवळ फिरकू द्यायचं नाही, त्यांचा श्वास आता गाळून आत जात नाही. म्हणून चिऊ आतल्या खोलीत टॅबलेट घेऊन, दार बंद. आणि आई बाहेर, दाराकडे बघत. त्या सारख्या माझ्याकडे फोन धरायच्या: ताप किती? काही खाल्लं का? वेणी कोण घालणार? मी घरून काम करत होते. निरोप नेता आणता जीव मेटाकुटीला आला. शेवटी मी, आम्ही ऑफिसात वापरतो तसलं एक पान उघडलं. एकच पान, दोन ठिकाणी दिसणारं. एकाने लिहिलं की दुसऱ्याला तिथल्या तिथे दिसतं. ना कार्डं, ना पाटी. एक लॅपटॉपवर लावलं, एक टॅबलेटवर. "घ्या," मी म्हटलं, "आता तुमचं तुम्ही बोला." आणि माझ्या मीटिंगला जाऊन बसले.

मीटिंग संपवून उठले तर दोन्हीकडे चिडीचूप. चिऊ झोपली असेल म्हणून दार किलकिलं केलं. ती पालथी पडून पडद्याला नाक लावून होती. पडद्यावर 'आजी' असं नाव असलेली एक उभी रेघ लुकलुकत होती, आणि तिच्यातून अक्षर न् अक्षर बाहेर पडत होतं. बकरी गाडीत बसलेली. कंडक्टर फणफणलेला. 'कुठे?' इथे रेघ थांबली. नुसतीच लुकलुकत राहिली.

चिऊने एका बोटाने टाइप केलं: मग

रेघ हलली नाही.

मग. मगगगगग. आजी मग

बाहेरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी दारातून पाहिलं. आई पडद्याकडे बघत होत्या, दोन्ही हात कीबोर्डपासून वर उचललेले, जसे कोणी गरम भांड्यावर धरावेत तसे. डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर जुनी, ओळखीची लबाडी आली होती. त्या मुद्दाम थांबल्या होत्या. पूर्वीही अशाच थांबायच्या, कंगवा हवेत धरून.

मग त्यांनी लिहिलं, "बकरीने उलट त्यालाच विचारलं, तुम्ही कुठे चाललाय?" थोडं थांबून पुढे, "कंडक्टरला आजवर हे कोणी विचारलं नव्हतं." पुढचं एक वाक्य अर्धं लिहून त्यांनी खोडलं.

आतून चिऊ ओरडली, "आजी, खोडू नको! मला दिसलं ते! तो रडणार होता ना?"

आईंनी पुन्हा लिहिलं, "हो. पण त्याने नाक शिंकरल्याचं नाटक केलं."

खोकला गेला, दार उघडलं, पण ते पान बंद झालं नाही. आता वेणी मी घालत होते, आणि चिऊच्या मांडीवर टॅबलेट. आई खिडकीजवळच्या टेबलाशी. लाल रेघ बंदच होती, तरीही त्या आता शब्दांकडे संशयाने बघत नसत. तेवढी फुरसतच नव्हती. समोरून कोणीतरी वाट बघत होतं. मी एकदा त्यांना विचारलं, "आई, त्या एवढ्या भारी सॉफ्टवेअरमध्ये जमलं नाही, आणि या फडतूस पानात कसं जमलं?"

त्यांनी विचार करून उत्तर लिहिलं. "त्या सगळ्यांना वाटत होतं की मला लिहिता येत नाहीये. मला लिहायचंच नव्हतं. मला सांगायचं होतं."

पुढे त्या लिहायलाही लागल्या, तो भाग वेगळा. समोर कोणी नसतानाही त्यांना एखाद्या ठिकाणी थांबायचं कळू लागलं. आणि ती कार्डांची पाटीसुद्धा त्यांनी पुन्हा उघडली, गोष्ट लांबल्यावर. कोण कुठल्या गावी उतरलं ते लक्षात राहीना म्हणून. नवऱ्याचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा झाला होता.

ही हकिगत वाचा-उपचाराच्या बाईंपर्यंत बाबांनी पोचवली. बाबा आता कोणालाही काहीही सांगत. बाईंकडे इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर, आवाज गेलेल्या लोकांची बैठक भरायची. त्यांनी आईंना विचारलं, "आमच्याकडे येऊन सांगाल का एक गोष्ट?" आईंनी पहिल्यांदा साफ नकार दिला. मग विचारलं, भिंतीवर मोठं दिसेल का?

मी सोबत गेले. गोल मांडलेल्या खुर्च्या, प्रत्येकाच्या गळ्याला रुमाल किंवा स्कार्फ, आणि सोबत आलेल्या नातेवाइकांची उगीचच हळू आवाजातली कुजबुज. एक उंच, सडपातळ गृहस्थ सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी बसले होते. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी कोणाशी खुणेनेसुद्धा बोलणं टाकलंय, त्यांच्या बायकोने मला सांगितलं.

आई टाइप करू लागल्या आणि भिंतीवर गोष्ट उतरू लागली. बकरी आता तिकिटांना कंटाळली होती. ती गाड्यांच्या पाट्याच चाटायला लागली. नावं पुसली गेली, आणि गाड्यांना आपण कुठे चाललोय ते आठवेना.

खिडकीजवळची खुर्ची वळली. पेंटर उठले, लांब ढांगा टाकत आले, आईंच्या हातून कीबोर्ड जवळजवळ ओढूनच घेतला आणि भिंतीवर उमटलं, "ऑइल पेंट कुठलीच बकरी चाटत नाही."

आईंनी कीबोर्ड परत घेतला. "माझी चाटते."

"मरेल."

"तुम्ही तिला ओळखत नाही."

"मी पाट्या ओळखतो."

"मग तुम्हीच सांगा, काय चाटून पुसेल ती?"

पेंटरनी कीबोर्ड पुन्हा आपल्याकडे ओढला. "खडूने लिहिलेलं चालेल," त्यांनी अखेर लिहिलं, आणि जरा थांबून, "पण मग गाडीची पाटी खडूने लिहिणारा तो मूर्ख कोण?"

आणि ती सगळी माणसं हसली. आवाज आला नाही. खांदे हलले, कोणी मांडीवर थापा मारल्या, गळ्यांवरचे रुमाल फुस्स फुस्स करून उडाले. नातेवाइकांना कळेना हसावं की घाबरावं. पेंटरच्या बायकोने माझा दंड घट्ट धरला होता.

पुढच्या बैठकीला आम्ही पोचलो तेव्हा पेंटर आधीच येऊन कीबोर्डशी बसले होते. भिंतीवर त्यांची पहिली ओळ लागली होती: 'मी रंगवलेल्या पहिल्या पाटीत दुकानदाराचं नावच चुकलं होतं, आणि ते त्याने जन्मभर तसंच लावलं.'

आईंनी वाचलं. पर्स खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना दुसऱ्याची गोष्ट मध्ये तोंड न घालता ऐकताना पाहिलं. निदान पहिला परिच्छेद संपेपर्यंत तरी.